दोन दारांचा पिंजरा

गुलाबकाका कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारतात, "मागचं दार उघडते ना?" मी देऊळघाटच्या शाळेत मास्तर म्हणून नवा आलो आणि शेजारी म्हणून त्यांना चहाला बोलावलं, तेव्हा हे गृहस्थ सरळ स्वयंपाकघर ओलांडून मागे गेले. आमच्या मागच्या दारापुढे गव्हाची कोठी होती. "मास्तर, हे काऊन अडवून ठेवलं?" असं म्हणत त्यांनी ती स्वतःच सरकवली. मग निवांत चहा पीत म्हणाले, "आता तुमचं दोघाचं भांडण अर्धं कमी होते." आमचं नवरा-बायकोचं भांडण भिंतीपलीकडे ऐकू जातं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

काकांची सारी नोकरी दूरच्या एका प्राणिसंग्रहालयात गेली. प्राण्यांना खाऊ घालायचं काम. तिथल्या एका साहेबांच्या डोक्यात आलं की कोल्हे आणि मोर एकाच आवारात ठेवायचे. बाकीच्यांनी कानावर हात ठेवले. काका पुढे झाले. पंधरा दिवस मध्ये जाळी. कोल्ह्यांना आधी पोटभर खाणं, मोरांना बसायला उंच फांद्या, आणि मोरांच्या बाजूला मागे उघडणारं दुसरं दार. "पळून जायाले जागा असली, का पळा लागत नाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकही मोर कोल्ह्यांच्या तोंडी गेला नाही. हे सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो, आणि मला विचाराल तर त्यांनी तो खुशाल चढवावा.

निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी अंगणात माणूस आत बसेल एवढा, दोन दारांचा जाळीचा पिंजरा बांधला. त्यात सात कोंबड्या आणि एक दांडगा बोका. बोक्याचं नाव साहेब. सकाळी आधी साहेबांची दूधभाकर, मग कोंबड्यांची ज्वारी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक कोंबडी साहेबांच्या शेपटीजवळ दाणे टिपत होती आणि साहेब जांभई देत होते. मी तोंडात बोट घातलं.

ही विद्या काका माणसांवरही चालवतात. गावात एका लग्नात दोन्हीकडचे व्याही हमरीतुमरीवर आले होते. काकांनी जास्त तापलेल्या व्याह्यांना आधी जेवायला बसवलं, दुसऱ्यांना मंडपाच्या मागच्या वाटेजवळ खुर्ची दिली. "पोट भरू द्या, मंग बोला." तासाभराने दोघं एका पानदानातून सुपारी खात होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या घरी गवंडी आला आणि मागची भिंत फोडू लागला. मी विचारलं, "काका, उजेडासाठी का?"

"वर्षा येऊन राह्यली," ते म्हणाले.

वर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं, तर काकांनी तिला घरात कोंडलं. घराला एकच दार, त्याला कुलूप. ती छपराचा पत्रा उचकटून जालन्याला निघून गेली. काकू वारल्या तेव्हा तेरवीला आली तीही उंबऱ्याबाहेरून परत गेली. हे मला गावाने सांगितलं होतं, काकांनी कधीच नाही. त्या दिवशी मात्र विटांच्या ढिगावर बसून म्हणाले, "तिकडं कोल्ह्या-मोराले दोन दारं ठेवली मास्तर, अन् घरी पोरीले एकबी नाई ठेवलं." मी विटा उचलू लागलो.

पंधरा दिवस ते रोज वर्षाशी फोनवर दोन मिनिटं बोलले. तिसरं मिनिट लागलं की स्वतःच ठेवत. "जाळी हाये हे. घाई नाई करा लागत."

ती आली त्या सकाळी काकांनी मला बोलावलं. पाहतो तर धुतलेलं धोतर नेसून हे पिंजऱ्यात, कोंबड्यांमध्ये बसलेले.

"काका, हे काय?"

"शिकाऱ्याले आधी जाळीआड ठेवतेत. इथं शिकारी मीच ना?" मी हसणार होतो, तेवढ्यात त्यांनी मला बाहेरून आकडा लावायला सांगितला. "जेवून घेतलं मी. तुम्ही तिले आधी मागचं दार दाखवा."

वर्षा फाटकातून आत आली. पिंजऱ्यातल्या बापाकडे बघत उभी राहिली. काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "मागून बी रस्ता हाये. पाहून घे."

मी दाखवायच्या आधीच ती घरात गेली. कडी सरकल्याचा आवाज आला. नवं दार सताड उघडून, त्याला वीट लावून ती परत अंगणात आली. चपला काढल्या, पिंजऱ्याचा आकडा काढला आणि वाकून आत शिरली.

"सरका जराशे, बाबा," ती म्हणाली. "मले बसाले जागा द्या."