पास्कल मास्तरांचे बिनशेपटीवाले

गाढवपणा माझाच. चौदा वर्षांपूर्वी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी झाले आणि मला वाटलं, आता अख्खी वसई माझ्या हुकमाने चालणार. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला शोभा म्हणून मागच्या जुन्या चिंचेची सगळी सुटी साल खरवडून घेतली आणि खोडावर गेरू-चुन्याचे पट्टे मारून घेतले. झाड अगदी लग्नातल्या बँडवाल्यासारखं दिसायला लागलं. मी खूश.

खाली पास्कल मास्तर गुडघे टेकून पिठाच्या चाळणीतून सालीचा कचरा चाळत होते.

मास्तर तळमजल्यावर एकटे राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. वसईतल्याच होळी गावातली भाजीची वाडी सुटली, तसे इथे आले. रोज सकाळी भिंग घेऊन त्या चिंचेला नाक लावून उभे. सालीखाली खोटे विंचू म्हणतात ते जीव असायचे, तिळाएवढे. नांग्या अस्सल विंचवाच्या, पण शेपूट नाही, म्हणून डंखही नाही. मास्तर माणसांनाही हीच मोजपट्टी लावायचे. नवा वॉचमन आला, की "बिनशेपटीचा आहे, ठेवा." आमच्या ह्यांच्याबद्दल, "शंभर टक्के बिनशेपटीचे!" माझ्याबद्दल विचारलं, तर भिंग पुसत बसले.

"मास्तर, कचऱ्यात काय शोधताय?"

"विंचवांची घरं, सेक्रेटरीबाई. रेशमाची विणतात ती."

"मग? सापडली?"

"रिकामी."

एवढंच. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचं भिंग खिशातून बाहेरच येईना.

पंधरा दिवसांनी माझ्या पाककृतींच्या वहीत, अनारशांच्या पानावर, एक तीळ उलटा चालायला लागला. आधी मी किंचाळले. मग चष्मा लावून शेपूट शोधलं. नव्हतं! उघडी वही नैवेद्याच्या ताटासारखी धरून तीन जिने उतरले.

मास्तरांनी भिंग लावलं. बराच वेळ काढलाच नाही.

"मादी आहे. पोटाशी अंडी आहेत."

"पण तिसऱ्या मजल्यावर चढली कशी?"

"माशीचा पाय धरून. यांची एसटीच ती."

"मग घ्या, ठेवा तुमच्याकडे."

मास्तरांनी आपल्या खोलीवरून नजर फिरवली. एक खुर्ची, उपडा घातलेला एक कप. मग वही हळूच माझ्या हातात परत दिली.

"नको, बाई. तुमच्याकडे माणसांची ये-जा, म्हणून माश्याही येतात. माझ्याकडे कोण येतंय? राहू द्या तिला तिथेच. मी रोज येऊन बघून जाईन, चालेल ना? मलाही शेपूट नाही हो."