छापखान्याचा शिक्का

"हे पाह्य, निशिगंधा!" वामनराव सरांनी लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला. "गावोगावची देवांची चित्रं, अन् सगळ्यांच्या खालच्या कोपऱ्यात एकच लाल खूण! छापखान्याचा शिक्का हाय हा. आजवर कोणाच्याच ध्यानात आला नाही."

जिल्हाभरच्या देवघरांतली जुनी छापील चित्रं गोळा करून स्कॅन करण्याचं काम निशिगंधाचंच. 'शिक्का' तिनं लगेच ओळखला. स्कॅनरच्या काचेवर वाळलेला तर्रीचा थेंब होता तो. पोह्यांवरचा लाल रस्सा, खाताना उडाला असणार. मागच्याच आठवड्यात दिसला, तेव्हा तिनं गुपचूप पुसून टाकला होता.

पण तिची पीएच.डी. सरांच्याच हाताखाली. ती चाचरत म्हणाली, "सर, एकदा मूळ कागद पाहता का?"

"कायले? शेकडो चित्रं घरबसल्या शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात. कागद चिवडायचे दिवस गेले आता."

सरांचा लेख छापून आला. सत्कार झाला. मग थेंब पुसल्यानंतर स्कॅन झालेली चित्रं त्यांच्या नजरेस पडली. शिक्का नाही, म्हणजे नकली! संकेतस्थळावर तसा शेराही पडला.

दुसऱ्याच दिवशी फुलसावंगीकडच्या तांड्यावरून बिजलीबाई येऊन धडकल्या. त्यांच्या देवघरातलं चित्रही स्कॅनसाठी निशिगंधाकडेच आलं होतं.

"मॅडम, माह्या सासूनं जल्मभर पुजला तो बालाजी. अन् तुमची मशीन त्याले नकली म्हणते? सूनबाईनं मोबाइलवर दाखवलं. तांड्यात तोंड दाखवाले जागा नाही राह्यली मले!"

निशिगंधाला राहवेना. बिजलीबाईंना घेऊन ती तडक सरांच्या खोलीत गेली.

"सर, तो शिक्का नाही. तर्री आहे."

"तर्री? डोकं फिरलं का तुहं?"

तिनं तिथलं मूळ कागदांचं कपाट उघडलं आणि सगळी चित्रं टेबलावर पसरली. सरांनी पहिल्यांदाच कागद हातात घेतला. उजेडात धरला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. लाल खूण एकावरही नव्हती. सर मटकन खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पाहून निशिगंधाला वाईट वाटलं, पण छातीवरचा धोंडाही उतरला.

मग सरांनी विचारलं, "कपाटाची चावी कोणाजवळ असते?"

"माझ्याजवळ, सर."

"मंग इतक्या चित्रांवरचे शिक्के पुसले कोणं?"

निशिगंधानं मोठ्या आशेनं बिजलीबाईंकडे पाहिलं. त्यांनी आपला बालाजी झटकन उचलून पदराआड घेतला होता.

"काहून वं पोरी," त्या म्हणाल्या, "माह्या देवाचाही तूच पुसला का?"