शाहूपुरीतले एकशे चार

सोमवारी सकाळी मोबाइलवर तो मेसेज आला, तेव्हा वीरेश शाहूपुरीतल्या आपल्या दुकानात एका गिऱ्हाइकाला दीड इंची आणि सव्वा इंची पाइपांतला फरक समजावून देत होता. मेसेज वाचल्यावर त्याला स्वतःलाच तो फरक कळेनासा झाला. त्याच्या गाडीने गुरुवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी शिरोलीजवळ, हायवेवर, वेगमर्यादा मोडली होती. मर्यादा ऐंशी, वेग ताशी एकशे चार. खाली दंडाची पावती आणि फोटो. निळ्या गाडीची पाठ आणि तिच्यावरचा नंबर, तेवढंच काय ते स्पष्ट दिसत होतं. नंबर त्याचाच होता.

"काय आलंय?" गल्ल्यावरून अप्पांनी विचारलं.

"काय न्हाय."

"काय न्हाय तर घाम कशापायी आलाय? आण हिकडं."

अप्पा म्हणजे वीरेशचे वडील, बसाप्पा. सत्तरी ओलांडली तरी दुकानाच्या किल्ल्या कमरेलाच. त्यांनी फोन हात लांब करून धरला, वाचला, आणि गिऱ्हाइकाच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाले, "एकशे चार!"

आता हा आकडा इतका झोंबायचं कारण असं, की वीरेशने ही गाडी घेतली तीच मुळी अप्पांना शब्द देऊन. वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्याला वेगवान गाडीचं वेड. त्रेचाळिसाव्या वर्षी हिंमत केली. तीनशे घोड्यांच्या ताकदीचं इंजिन, बसका बांधा, सुरू केली की पोटातून घुमणारा आवाज. अप्पा आठवडाभर जेवताना बोलले नाहीत. मग एकच अट घातली, "गावात चाळीस, हायवेला ऐंशी. एक आकडा वर गेला की गाडी इकायची." वीरेशने पायावर हात ठेवून कबूल केलं.

आणि नवल म्हणजे त्याने ते पाळलं. नुसतं पाळलं नाही, त्यातच त्याला गोडी लागली. दर रविवारी पहाटे तो जोतिबाच्या रस्त्याला एकटा जायचा, काचा खाली करायचा आणि डोंगराची वळणं तीसच्या वेगाने घ्यायचा. गाडी वळणाला अशी चिकटून वळायची की याला आपोआप हसू फुटायचं. उतरून डायरीत किलोमीटर लिहायचा आणि घरी येऊन पोहे खायचा. याहून जास्त सुख कुणाला मिळत असेल असं त्याला वाटत नसे.

चहाच्या कट्ट्यावरच्या मंडळींना मात्र यात सुख दिसत नव्हतं. कट्ट्याचे म्होरके हंबीरराव. ते आपल्या जुन्या स्कूटरवरून वीरेशला रोज ओव्हरटेक करायचे आणि मागे वळून ओरडायचे, "तीनशे घोडी इंजनात, आणि हाकाय बसलाय नंदीबैल!"

तर असा हा नंदीबैल एकशे चारने गेला होता. तो चक्रावला नाही तरच नवल.

"अप्पा, गुरुवारी गाडी माझ्याकडं नव्हतीच की."

"मग कुठं होती? सर्व्हिसिंगला दिलीया म्हणालतास."

इथे वीरेशची पंचाईत झाली. सर्व्हिसिंग ही थाप होती. खरी गोष्ट अशी, की बुधवारी संध्याकाळी तो गडमुडशिंगीला पाहुण्यांकडे बारशाला गेला होता. तिथल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट टेकलं आणि पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे अशी ती मधोमध अडकून बसली. बारशाला आलेल्या चौघांनी उचलून उतरवली खरी, पण खालून तेल गळायला लागलं. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, गाडी चालू करू नका, उद्या आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. वीरेश किल्ली पाहुण्यांकडे ठेवून रिक्षाने घरी आला. एवढ्या महागाची गाडी स्पीडब्रेकरने हरवली, हे त्याला घरी सांगवेना.

आता सगळं सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे बुधवारी खोटं बोललास, हे कबूल."

"व्हय, पण..."

"मग आज खरं बोलतंयस, हे कशावरनं?"

वीरेशकडे पुरावा एकच होता, त्याची डायरी. त्याने घाईघाईने पान काढून दाखवलं. गडमुडशिंगीत गाडी सोडली तेव्हा मीटरवर सहा हजार तीनशे अठरा. शनिवारी दुरुस्त करून परत मिळाली तेव्हा सहा हजार तीनशे एकोणीस. "बघा, एकच किलोमीटर! गाडी पळालीच न्हाय!"

"गडमुडशिंगीपासनं त्यांचं गॅरेज किती लांब?"

"बारा-तेरा किलोमीटर."

"मग बारा किलोमीटर ती एका किलोमीटरात गेली व्हय?" अप्पांनी डायरी मिटली. "वेग मोडला तो मोडला, वर मीटर बी मागं फिरवलास! सांगलीच्या एजंटाला फोन लावतो. रविवारी येऊन गाडी घेऊन जाऊ दे." आणि गाडीची किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात गेली.

रात्री जेवणं झाल्यावर वीरेशच्या बायकोने, शिवांजलीने, फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"अहो, ह्यात डायवर कुठं हाय?"

वीरेशने बघितलं. काचेतून सीटचा वरचा भाग दिसत होता. त्यावर डोकं नव्हतं. शेजारच्या सीटवरही नव्हतं. गाडी रिकामी होती आणि एकशे चारने चालली होती.

"वाकून बसला असंल," वीरेश म्हणाला.

"एकशे चारला वाकून?"

अप्पांनाही फोटो दाखवला. सकाळी उठल्यावर गाडीच्या बॉनेटवर त्यांनी ओढलेली विभूतीची तीन बोटं दिसली. "भूत असू दे न्हायतर तू," ते म्हणाले, "गाडी रविवारी जाणार." वीरेशला गाडी जाण्याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त हे लागलं, की चाळिशी उलटलेल्या मुलाच्या शब्दावर बाप भुताइतकाही विश्वास ठेवत नाही.

मंगळवारी तो रिक्षाने गॅरेजला गेला. तिथल्या माणसाने रजिस्टर उघडलं. "गाडी आली गुरुवारी सव्वाबाराला. आणणारा आकाराम. आमचा सगळ्यात जबाबदार माणूस."

"कुठाय तो?"

"बेळगावला गेलाय. शुक्रवारशिवाय यायचा न्हाय."

"फोन?"

"उचलत न्हाय. सांगितलं न्हवं, जबाबदार माणूस हाय. चालवताना फोन घेत न्हाय."

वीरेशची खात्री पटली की या आकारामानेच गाडी उधळली असणार. पण मग मीटर? आणि डोकं? विचार करकरून त्याचंच डोकं जागेवर राहीना. परत येताना चहासाठी कट्ट्यावर टेकला, तर हंबीररावांनी उठून कडकडून मिठी मारली.

"जितलास भावा! एकशे चार! जाळ अन् धूर संगटच!"

सोमवारच्या पाइपवाल्या गिऱ्हाइकाने आपलं काम चोख केलं होतं. वीरेश म्हणाला, "अहो, मी न्हाय ते." सगळे हसले. तो पुन्हा म्हणाला, "खरंच मी न्हाय." हंबीररावांनी डोळा मारला. "बगा, दंडाची पावती आली तरी माणूस कबूल करत न्हाय. ह्याला म्हणत्यात कोल्हापूरचं पाणी!"

तिसऱ्यांदा वीरेशने नाकारलं नाही. तेवढीच त्याची चूक. वर्षभर नंदीबैल ऐकलेल्या कानांना ते ऐकायला बरं वाटलं, आणि चहाचे पैसे त्या दिवशी कुणी घेतले नाहीत.

त्याची फळं गुरुवारी दिसली. चौकातल्या खांबावर आठ फुटी फ्लेक्स लागला. मधोमध निळी गाडी, तिच्या मागे जाळ, बाजूला गॉगल लावलेला वीरेश. हा फोटो एका लग्नातून कापला होता, म्हणून खांद्यावर कुणाच्या तरी साडीचा पदर तसाच राहिला होता. वर मजकूर: 'शाहूपुरीचा वाघ! १०४!! हार्दिक अभिनंदन.' खाली बावीस शुभेच्छुकांची मुंडकी, आणि सर्वांत खाली, 'भव्य सत्कार, शनिवार संध्याकाळी सहा वाजता.'

"आता बोल, मी न्हाय म्हणून," अप्पा फ्लेक्सखाली उभे राहून म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले.

शनिवारी वीरेश सत्काराला गेला तो नाही म्हणायला. पण पोचताक्षणी डोक्यावर फेटा चढला, हातात नारळ आला, आणि हलगीवाल्याने असा काही कडकडाट केला की त्याचं नाही त्यालाच ऐकू येईना. हंबीरराव भाषणाला उभे राहिले. "आपल्या गल्लीत आजवर लई गाड्या आल्या..." आणि एवढ्यात हलगी एकदम थांबली. गर्दीतून ट्रॅफिकच्या क्रांती मॅडम पुढे येत होत्या. त्यांच्या मागे मान खाली घातलेला एक मिशीवाला माणूस होता.

"कायदा मोडल्याबद्दल अभिनंदनाचा फ्लेक्स मी पहिल्यांदाच बघतेय," मॅडम म्हणाल्या. "वाघ कोण?"

बावीस शुभेच्छुक एकेक पाऊल मागे सरकले. वीरेश फेट्यासकट एकटाच पुढे उरला.

"गेल्या आठवड्यात गुरुवारी ही गाडी तुम्ही चालवत होता?"

वीरेशने इकडे तिकडे बघितलं. एका बाजूला हंबीरराव आणि अख्खा कट्टा, त्याच्या होकाराकडे डोळे लावून. दुसऱ्या बाजूला, रसवंतीच्या बाकड्यावर, काठीवर हनुवटी टेकून बसलेले अप्पा. पोरगं किती निर्लज्ज झालंय हे बघायला ते मुद्दाम आले होते. हो म्हणावं तर लायसन जाईल, गाडी जाईल आणि बापही जाईल. नाही म्हणावं तर उद्यापासून पुन्हा नंदीबैल. त्याने फेटा काढून हातात घेतला.

"न्हाय मॅडम. ह्या गाडीत मी आजपातुर एकदाबी ऐंशीच्या वर गेलेलो न्हाय. गावात चाळीस. जोतिबाच्या वळणाला तीस. आणि मला तेच आवडतंय. त्या गुरुवारी कोण चालवत होतं, देवाशप्पत मला ठावं न्हाय." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. "फोटोत कोणच न्हाय ओ!"

"तीस?" हंबीरराव हळूच म्हणाले, जणू कुणी दगावल्याची बातमी ऐकली.

मॅडमनी फाइलमधून मोठा कागद काढून उलगडला. "मोबाइलवर येतो तो फोटो कापलेला असतो. हा पूर्ण आहे."

पूर्ण फोटोत निळी गाडी तशीच होती. फक्त तिच्या चाकांखाली रस्ता नव्हता, लोखंडी फळी होती. फळीखाली ट्रकची चाकं होती. बंद पडलेल्या गाड्या पाठीवर घालून नेणारा तो ट्रक होता, आणि गाडीची चारही चाकं साखळ्यांनी बांधलेली होती. एकशे चारने गेला होता तो ट्रक. कॅमेऱ्याने नंबर तेवढा वरचा टिपला होता.

"हा आकाराम," मॅडमनी मिशीवाल्याला पुढे केलं. "तुमचा दंड रद्द. आता तो याच्या नावावर."

वीरेश कधी फोटोकडे, कधी आकारामकडे बघत राहिला. वर्षभर एवढं जपलं, पण गाडीने आयुष्यातला सर्वांत मोठा वेग गाठला तो दुसऱ्याच्या पाठीवर बसून. "अरे, तू जबाबदार माणूस न्हवं?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"हाय की सायेब," आकाराम कळवळून म्हणाला. "एरवी मी साठच्या वर जात न्हाय. खरं त्या दिवशी आरशात बघितलं, तर मागं तुमची गाडी. म्हटलं, असली गाडी पाठीवर घिऊन साठनं जायचं म्हंजे तिचा अपमान न्हाय व्हय?"

मग हंबीररावांचा आवाज फुटला, "ह्याला म्हणत्यात वाघ!" वीरेशसाठी आणलेला हार आकारामच्या गळ्यात पडला, वीरेशच्या हातातला फेटा त्याच्या डोक्यावर गेला, हलगी पुन्हा कडाडली. त्या गदारोळातच क्रांती मॅडमनी दंडाची पावती हाराखालून आकारामच्या खिशात सरकवली.

"आणि हा फ्लेक्स आत्ता खाली," त्या हंबीररावांना म्हणाल्या. मग वीरेशकडे वळल्या. "तुम्ही मगाशी बोललात ते खरं? चाळीस आणि तीस?"

"खरं मॅडम. डायरी हाय."

"छान. सोमवारपासून आमचा रस्ता सुरक्षा सप्ताह आहे. तुमचा चांगलासा फोटो द्या. पदर नसलेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीचा एजंट आला तो चहा पिऊन परत गेला. अप्पांनी जुडग्यातून किल्ली सोडवून वीरेशपुढे ठेवली. चुकलं वगैरे ते काही म्हणाले नाहीत. तशी त्या घरात पद्धत नव्हती.

सोमवारी त्याच खांबावर नवा फ्लेक्स चढला. 'तीनशे घोड्यांची गाडी, तरी वेग चाळीसच! आदर्श वाहनचालक श्री. वीरेश बसाप्पा मगदूम.' म्हणजे जी गोष्ट गल्लीपुरती होती ती आता अख्ख्या शाहूपुरीला कळली. हंबीरराव स्कूटर थांबवून दोन मिनिटं मौन पाळून गेले. खूश व्हावं की तोंड लपवावं, हे काही वीरेशला ठरवता येईना. तो मान खाली घालून दुकान बंद करत होता, तेवढ्यात अप्पा आले आणि गाडीचं दार उघडून आत बसले. गाडी घेतल्यापासून ते पहिल्यांदाच तिच्यात बसत होते.

"चल. चौकातनं घे."

"अप्पा, घर हिकडं हाय."

"चौकातनं घे म्हटलं न्हवं?"

वीरेशने गाडी चौकातून घेतली. फ्लेक्स आला तसे अप्पा खिडकीतून अर्धे बाहेर झुकले आणि मोठ्याने वाचायला लागले, "आदर्श वाहनचालक श्री. वीरेश... अरं हळू की! माझं नाव वाचायच्या आत गेला खांब. परत फिरव."

वीरेशने वळसा घातला. मागच्या रिक्षा भोंगे वाजवायला लागल्या. खांब पुन्हा जवळ आला.

"हळू!"

"अप्पा, वीसवर हाय गाडी."

"मग धावर घे."