टॉलेफसन यांच्या रंद्याचा आवाज

शेजाऱ्याच्या आवाजाबद्दल तक्रार न करणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण मानलं, तर मिनेसोटातल्या डुलुथइतकं सुसंस्कृत गाव पृथ्वीवर नाही. तिथे तक्रार करत नाहीत; खायला आणून देतात.

हार्लन टॉलेफसन हे निवृत्त पोस्टमन आपल्या गॅरेजमध्ये लाकडी होडी बांधत होते. तळ्यावरचं बर्फ वितळलं की बायकोला तिच्यातून फिरवायचं, असा शब्द त्यांनी लग्नातच दिला होता (लग्न बरंच जुनं आहे; चांगल्या कामाला वेळ लागतो). यंदा बायकोने, म्हणजे आर्डिसबाईंनी, शांतपणे सांगितलं, "या वर्षी नाही झाली, तर मी दुसऱ्या कुणाच्या होडीत बसेन." त्यामुळे विजेचा रंदा दिवसभर किंचाळू लागला. अर्थात परवानगीच्या वेळेतच.

आठवड्याभरात शेजारच्या लव्हॉन स्कोगस्टाड लिंबाच्या वड्या घेऊन आल्या. काम छान चाललंय म्हणाल्या. हार्लननी मुकाट्याने यंत्राखाली रबराच्या चटया घातल्या. मग केळ्याचा केक आला. त्यांनी भिंतींना गोधड्या ठोकल्या (ठोकण्याचा आवाज वेगळा, त्याची बिस्किटं आली). शेवटी वर बटाटे लावून भाजलेला खिमा आला, काचेच्या मोठ्या भांड्यात.

"भांडं परत करायची काही घाई नाही हं," लव्हॉनबाई म्हणाल्या.

याहून कडक शब्द त्या गल्लीत कुणी वापरल्याची नोंद नाही. हार्लननी हायच खाल्ली. होडी बाजूला ठेवून त्यांनी दाराच्या फटी बुजवल्या, भिंतीच्या आत दुसरी भिंत घातली, रंद्याभोवती पेटी बांधली. बाहेर अगदी चिडीचूप झालं.

दुसऱ्याच दिवशी लव्हॉनबाई चॉकलेटचा तीनमजली केक घेऊन दारात. हार्लननी केकला हात न लावताच विचारलं,

"अजून ऐकू येतं?"

"तुमचं नाही हो," बाईंनी आवाज खाली आणला. "आमचे हे अकॉर्डियन शिकतायत. इतके दिवस तुमच्या कृपेने कळलं नव्हतं. तेवढं गॅरेजचं दार सताड उघडं ठेवाल का?"

याच मागणीला गल्लीतल्या दहापैकी दहा घरांचा पाठिंबा निघाला (दहावं घर वाजवणाऱ्याचंच). हार्लननी लोकेच्छेला मान दिला. बर्फ वितळलं त्या दिवशी होडी तळ्यात उतरली, आर्डिसबाई तिच्यात बसल्या, आणि दोघंही कोरडी परत आली.

वाचकहो, खुशाल हसा. पण परवा तुमच्या शेजारणीने गरमागरम साबुदाणावडे पाठवले होते, आणि तुम्ही मिटक्या मारत ते संपवून वर आणखी चार मागितलेत. त्या वेळी तुमच्या घरात काय चालू होतं, तेवढं जरा आठवून बघा.