मागे फेकलेलं पाणी

"बसत नाही सर, गाडी चालूच ठेवलीय," किशोर दारातूनच म्हणाला.

भगवंतराव सरांचा चेहरा पडला. तेल्हाऱ्यात त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं, पण विमानाच्या इंजिनांपर्यंत पोचलेला विद्यार्थी हा एकच, आणि इतक्या वर्षांनी आला तोही घोड्यावर बसून. त्याला चार घटका तरी अडकवायचं म्हणून सरांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, बूच आणि सायकलचा पंप.

"पानी दे वं थोडं, रॉकेट उडवतो."

"नळाचा काई भरोसा नाही," सरांच्या पत्नी गोदाबाई आतून म्हणाल्या. "कुरडयाच्या गव्हाचं पानी फेकाचंच हाये, थे घ्या."

तीन दिवस गहू भिजलेल्या त्या आंबट पाण्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पण विज्ञानाला वासाचं काय! सरांनी बाटली अर्धी भरली, बूच ठोकलं, बाटली विटांवर तिरपी ठेवली आणि बुचातून पंप मारायला घेतला.

"हवा पान्याले ढकलते. पानी मांगं, बाटली पुढं. विमान असो का रॉकेट, मांगं काई फेकल्याशिवाय पुढं जाता येत नाही." वर्गात म्हणायचे तसंच म्हणाले, पण आज म्हणता म्हणता त्यांनी दारातल्या चालू गाडीकडे पाहिलं. पोरं गाव मागे टाकूनच तर पुढे गेली होती.

बाटली मात्र हलेना.

"बूच जास्त घट्ट बसलंय सर," म्हणत किशोर मागून वाकला आणि नेमकं तेव्हाच बूच सुटलं. बाटली शेजारच्या बेबीताईंच्या गच्चीवर गेली. पाणी किशोरच्या अंगावर, डोक्यापासून बुटापर्यंत.

"इंजिनवाला हाये ना तू?" गोदाबाई म्हणाल्या. "मंग मांगं कावून उभा राह्यला?"

"चुकलं काकू," किशोर तोंड पुसत म्हणाला. "लय वास येऊन राह्यला." त्याची शहरी भाषाही त्या पाण्यात धुऊन निघाली होती.

गाडी बंद झाली. शर्ट धुऊन परसातल्या दोरीवर गेला आणि किशोर सरांच्या लुंगीत जेवायला बसला. वऱ्हाडातलं ऊन मात्र कोणाचं ऐकत नाही, शर्ट बघता बघता वाळणार. किशोर जेवून हात धुऊनही आला, पण सरांना घास गोड लागेना. हात धुवायचं निमित्त करून ते पाण्याचा तांब्या घेऊन परसात गेले. दोरीपाशी गोदाबाई आधीच उभ्या, त्यांच्याही हातात तांब्या. आणि शर्ट तर निथळत होता.

"तू भिजवला?"

"मले वाटलं तुमी."

दोघांनी मागे वळून पाहिलं. ओसरीवर किशोर मांडी घालून बसला होता, हात कोपरापर्यंत ओले.

"वाळला नसंन अजून," तो म्हणाला. "काकू, चहा ठेवा."