ठकूबाई टिटवीचा अपशकुन

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ राज्य करीत होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका. नकाशा काढायला बसलात तर गोष्ट राहील बाजूला.

या जंगलाच्या कडेला नदी होती. नदीपलीकडे दुसरं जंगल, तिथे बिबळ्याचं राज्य. उन्हाळ्यात दोन्ही काठांशी तेवढे डोह उरत. मधल्या कोरड्या पात्रात, गोट्यांच्या खळग्यात, ठकूबाई टिटवीने अंडी घातली होती. टिटवी घरटं बांधत नाही. गोट्यांत गोट्यांसारखीच अंडी घालते आणि कोणी जवळ आलं की कर्कश ओरडते. तेच तिचं दार आणि तेच तिचं कुलूप.

जंगलातले लोक मात्र म्हणायचे, टिटवी ओरडली की अपशकुन. निघालेल्याने माघारी फिरावं, पाय धुवावेत, पाणी प्यावं आणि दुसऱ्या दिवशी निघावं.

ठकूबाईला याचा भारी राग. "पोरं माझी, गळा माझा, आणि अपशकुन तेवढा यांचा!"

एके दुपारी वाघमहाराजांनी अख्खं रानडुक्कर खाल्लं आणि पळसाच्या झाडाखाली लवंडले. त्यांना स्वप्न पडलं. एक टेकडी लाल झाली. लाली दुसऱ्या टेकडीवर सरकली, मग तिसऱ्या. बघता बघता आभाळसुद्धा लाल. महाराज दचकून उठले आणि त्यांनी तडक दरबार भरवला.

राजज्योतिषी पिंगळाशास्त्री होते. घुबडांच्याच घराण्यातले, पण तसं म्हटलेलं त्यांना चालत नसे. त्यांनी वाटोळे डोळे आणखी वाटोळे केले. "युद्ध, महाराज! पसरत जाणारं युद्ध!"

"कोणाशी?"

"ते स्वप्नात आलेलं नाही. पण नदीपलीकडे जंगल एकच आहे."

दरबाराने माना डोलावल्या. एवढं बिनतोड कोणाला सुचलं असतं?

बातमी ऐकून ठकूबाई तशीच उडत दरबारात आली. "महाराज, डुक्कर जड गेलंय तुम्हाला. पित्त चढलंय. वर पळस फुललाय, डोळे मिटताना तोच दिसला असेल. चिमूटभर ओवा चावा आणि गप पडून राहा."

दरबार खो खो हसला. कोल्हा म्हणाला, "आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपणारी आली बघा आम्हाला शिकवायला!"

"आभाळ पेलते मी," ठकूबाई म्हणाली. "तुमची अक्कल नाही पेलवत. फार हलकी, वाऱ्याने उडते मेली."

तिला हाकलून दिलं. खरं बोललं की असंच होतं, त्यात नवल नाही.

मग पोपटांना जोर चढला. एका फांदीवर ओळीने बसले आणि सगळे एकदम बोलू लागले. "युद्ध पसरणार का? किती पसरणार? अजून कसं पसरलं नाही?" ऐकणाऱ्याने दहा झाडांना सांगायचं, नाहीतर शेपूट गळेल अशी धमकी. माकडांची शेपूट लांब. त्यांनी शंभर झाडांना सांगितलं.

इकडे नखं घासायला सुरुवात झाली. तो आवाज पलीकडे गेला. बिबळ्याने विचारलं, "हे काय चाललंय?" त्याच्याही पदरी एक पिंगळा होता, आपल्या शास्त्रीबुवांचा मावसभाऊ. तो म्हणाला, "युद्ध!" झालं, तिकडेही नखं. स्वप्नात पसरलं नव्हतं इतकं जागेपणी पसरलं.

लढाईची जागा दोघांनाही एकच पसंत पडली. नदीचं पात्र. मोकळं, सपाट, सोयीचं.

ठकूबाईचा नवरा टिटवा घाबरला. "अगं, आपण दुसरीकडे जाऊ."

"जाऊ की. अंडी मारा काखोटीला आणि व्हा पुढे. आलेच मी."

टिटवा गप्प बसला. अंड्यांवरच बसला, तेवढं मात्र बरं केलं.

ठकूबाई एका पायावर उभी राहून विचार करू लागली. खरं सांगावं तर हसतात. हात जोडावेत तर हाकलतात. मग हे आपलं मानतात तरी काय? मानतात एकच, की मी अपशकुनी. ठीक आहे. जन्मभर फुकट ऐकून घेतलं. आता वसूल करते.

सकाळी मुहूर्तावर फौज निघाली. पुढे हत्ती, मागे अस्वलं, त्यामागे महाराज. हत्तीने वाळूवर पाय टेकला मात्र...

"टिटीव! टिटीव! टिव्!"

हत्तीचा दुसरा पाय वरच राहिला. फौज माघारी फिरली. पाय धुतले, पाणी प्यायली. आणि गंमत बघा, आवाजाला काठ नसतो. पलीकडे बिबळ्याची फौजही पाय धूत होती.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच. इतके स्वच्छ पाय त्या जंगलात आजवर कोणी पाहिले नव्हते.

महाराज चवताळले. "गळा आवळा तिचा!"

ठकूबाई हत्तीच्या सुळ्यावर येऊन बसली. मान ताठ केली. "आवळा की. पण आधी शास्त्रीबुवांना विचारा, माझा अपशकुन खरा की खोटा? खोटा असेल तर खुशाल लढा. पण मग जाग्या पाखराचं ओरडणं खोटं आणि झोपलेल्या वाघाचं स्वप्न खरं, ते कसं, हे चारचौघांत सांगा. आणि खरा असेल, तर अपशकुनाचा गळा आवळणाऱ्याचं काय होतं तेही सांगा. बोला, शास्त्रीबुवा!"

शास्त्रीबुवांची मान गर्रकन मागे फिरली, पण मागेही लोकच होते. खोटा म्हणावं तर पोथी बुडते. खरा म्हणावं तर युद्ध बुडतं. बाळांनो, युद्ध लांब असतं, पोथी पोटाला बांधलेली असते.

"खरा आहे, महाराज," ते पुटपुटले. "टिटवीला हात लावला, तर... तर सात पिढ्यांना जेवल्यावर ढेकर येत नाही."

महाराजांनी पोटावरून पंजा फिरवला. डुक्कर अजून तिथेच होतं. "राहू दे," ते म्हणाले. "तिला राहू दे."

मग रोज तेच चालू राहिलं. निघायचं, ओरडणं ऐकायचं, फिरायचं, धुवायचं. पाय धुता धुता अस्वलं पलीकडे हाका मारू लागली. "काय हो, तुमच्याकडे पाणी गार आहे का?"

"गार आहे, पण शेवाळ फार. तुमच्याकडे मोहाला फुलं आली का?"

हळूहळू फौज रोडावली. कोणाला मध काढायचा होता, कोणाला पोरांना पोहायला शिकवायचं होतं. पळसाची फुलं गळाली. महाराजांनी कोणाला न सांगता ओवा चावायला सुरुवात केली आणि त्यांना हिरवी स्वप्नं पडू लागली.

एका सकाळी अंडी फुटली. गोट्यांतून चार गोटे उठले आणि तुरुतुरु पळू लागले. ठकूबाई काठाकडे तोंड करून, गळा साफ करून वाट बघत बसली. ओरडायला कोणी आलंच नाही. तिला थोडं वाईटच वाटलं.

पुढे पिंगळाशास्त्रींनी जाहीर केलं की, युद्धाचा योग आपणच टाळला. त्यांना हार मिळाला. पोपटांनी ते दिवसभर सांगितलं.

ठकूबाईला एका माकडाने ढेकूळ मारलं. "अपशकुनी मेली!"

तिने ढेकूळ चुकवलं आणि पिल्लांकडे वळली. "ऐकलंत? हा आपल्या घराण्याचा मान. कोणाला देऊ नका. चला, करा गळा मोकळा. म्हणा, टिटीव!"

तात्पर्य: चांगलं नाव कमावण्याच्या नादी लागू नका. चांगल्या नावाच्या माणसाने शांत राहा म्हटलं, की लोक माना डोलावतात आणि तशाच डोलावत लढायला जातात. वाईट नाव मात्र जपून ठेवावं, वेळेला कामाला येतं. आणि राजा असाल, तर दुपारचं बेताने जेवा.