बप्पांची वोडका आणि माझी जीभ

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्क्याचा ठिपका आणि हातात रासबेरी वोडकाची बाटली, असा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी दर शनिवारी पाहतो. आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच आहे. न पाहून जातो कुठं!

हे आमचे शेजारी बप्पा. कागदोपत्री भगवानराव, पण पडेगावच्या आमच्या कॉलनीत लहानथोर सगळे त्यांना बप्पाच म्हणतात. मूळचे पाचोडचे. तिकडं मोसंबीची बाग आहे, ती हल्ली पुतण्या बघतो. बायको गेल्यापासून बप्पा इथं एकटेच असतात. सत्तरी उलटली आहे. जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतलेला नाही आणि पुढंही घेणार नाहीत, कारण माळ घातलेली. आणि हा माणूस गेल्या दिवाळीपासून घरात वोडकाची कॉकटेलं बनवतोय.

आता माळकऱ्यानं बनवलेली कॉकटेलं चाखायची कोणी? मी. कॉलनीत पिणारे काय कमी आहेत? काही तर या कामासाठी अर्ज करतील. पण कोणे एके काळी गच्चीवर माझ्या हातात बिअरचा ग्लास बप्पांना दिसला होता. तेवढ्या भांडवलावर माझी नेमणूक झाली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी संध्याकाळ झाली की भिंतीपलीकडून खळखळ ऐकू येते. बप्पांनी शेकर वगैरे काही आणलेला नाही. घरातला तूप ठेवायचा कडीचा डबा आहे, त्यात बर्फ घालतात, वोडका घालतात, वर जे सुचेल ते घालतात, झाकण लावून डबा उपरण्यात गुंडाळतात आणि अंगात आल्यासारखा हलवतात. खळखळ थांबली की हाक येते, "कुलकर्णीऽऽ! चव!"

बाटल्या आणायच्या त्याही मीच. "माळ घालून त्या दुकानात कसा जाऊ म्या? लोक काय म्हणतेन?" लोक मला काय म्हणतात, याची चौकशी कोणीच करत नाही. दुकानदार मला लांबून पाहिलं की रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असा ओरडतो, "आओ साब, आज कौनसा फ्लेवर?" एकदा नेमके आमच्या विमा कचेरीतले साहेब मागे उभे. मी घाईघाईनं म्हणालो, "शेजाऱ्यांसाठी घेतोय हो." दुकानदार गल्ल्यावरून म्हणतो, "सब ऐसाइच बोलते साब." तेव्हापासून साहेब मला दुपारच्या मीटिंगला जरा लांबच बसवतात.

बरं, दुकानातली वोडका आहे तशी वापरतील तर शपथ. ग्रीन अ‍ॅपलची बाटली उघडली की डाव्या नाकपुडीवर अंगठा दाबायचा, डोळे मिटायचे आणि उजव्या नाकपुडीनं एकच लांब श्वास ओढायचा. त्यांची सगळी परीक्षा त्या नाकपुडीत. "हे सफरचंद नाय, सफरचंदाची अफवा हाय," असं म्हणून त्यात कोथिंबीर चुरडणार. नारळाच्या वोडकात सुंठ. रासबेरीत, ऐका, भाजलेली हिरवी मिरची! आणि प्रत्येकाला नाव नातेवाइकाचं. मिरचीवाली ती थोरली मावशी. "पहिल्या घोटालाच कान धरती का नाय?" ग्रीन अ‍ॅपलवाला मेहुणा, दिसायला रंगीत, आत काही नाही. जावई म्हणून एक प्रकार आहे, तो आधी गोड लागतो आणि मग डोक्यात जातो. बप्पांना मुलगी नाही. हा जावई कोणाचा, मी विचारलेलं नाही.

हेही सोसलं असतं. पण खरा छळ पुढं आहे. घोट घेतला की बप्पा माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात.

"कशी झाली?"

"बरी आहे."

"बरी म्हंजी काय? आजाऱ्याला बरं म्हणतेत. चव सांगा."

"आंबट आहे जराशी."

"कैरीवानी आंबट का चिंचंवानी? आंबट आधी लागतं का गिळल्यावर? जिभंच्या शेंड्याला का कडंला?"

अहो, शनिवारची संध्याकाळ आहे, माणसानं टेकून बसावं, दोन शेंगदाणे तोंडात टाकावेत. ते नाही. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. एक शब्द चुकला की बप्पांचा चेहरा उतरतो. "कुलकर्णी, माझी जीभ तुमच्या तोंडात हाय. जरा नीट सांगा की."

घरी वेगळंच. सासूबाई आमच्याकडं राहायला आल्या होत्या. "बप्पांकडं जाऊन येतो," असं मी दोनतीनदा म्हणालो, तर त्यांनी बायकोला सांगितलं, "जावईबापू किती देवभोळे झालेत गं." एकदा मी परत आलो आणि त्या प्रसाद घ्यायला हात पुढं करून दारात उभ्या! पुढचं काय सांगू? बायकोचं दुखणं निराळंच. "इतकी वर्षं आमटी करतेय, कधी 'ठीक आहे'च्या पुढं गेला नाहीत. आणि तिथं भिंतीपलीकडून ऐकू येतं, मागून सुंठेचा ठसका येतोय म्हणे!"

पण करमाडच्या पाहुण्यांनी कळस केला. मी बप्पांच्या बैठकीत बसलेलो. पुढं थोरली मावशी, मेहुणा, जावई सगळे ओळीनं. एवढ्यात फाटक वाजलं. करमाडहून बप्पांचे साडू आणि आणखी दोघं, सगळे माळकरी. मी ग्लास उचलायला उठलो, तर बप्पांनी माझा खांदा दाबून मला खाली बसवलं आणि पाहुण्यांना शांतपणे म्हणाले, "हे आमचे शेजारी. लई पेतेत. एकटे पडूबिडू नयेत म्हणून म्या बसतो सोबतीला."

पाहुण्यांनी माझ्याकडं इतक्या करुणेनं पाहिलं म्हणता! साडूंनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. "लेकराबाळांकडं बगा," म्हणाले. मी बप्पांकडं पाहिलं. बप्पा छताकडं पाहत होते.

त्यानंतर मी दोन शनिवार गेलो नाही. तिसऱ्या शनिवारी बप्पा स्वतः दारात. उपरण्यात डबा. लसणाची फोडणी दिलेलं ताक आणि लिंबाची वोडका! नुसत्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझं डोकं फिरलं.

"बप्पा, बास! तुम्ही पीत नाही, विकत नाही, कोणाला बोलवत नाही. साहेब मला टाळतात, सासूबाई बोलत नाहीत, करमाडात माझ्या नावानं लोक हळहळतात. हा कुटाणा कशासाठी चाललाय, ते आज मला कळलंच पाहिजे!"

बप्पा पायरीवर बसले. डबा मांडीवर घेतला. बराच वेळ कडी नुसतीच वरखाली करत राहिले.

"संतोष यायलाय," म्हणाले.

संतोष हा त्यांचा एकुलता एक. गोव्याला हॉटेलात असतो, एवढं मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. पोरानं घरी सांगितलं होतं की हॉटेलात मॅनेजर आहे. मग पाचोडच्या कोणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. बारच्या मागं उभा राहून संतोष बाटल्या हवेत उडवून झेलत होता. पुढं तो सुट्टीला आला, तेव्हा भर आठवडी बाजारात, चार गावच्या लोकांपुढं, बप्पा त्याच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हा आमचा संतोष. गोव्यात दारूचा वाढपी हाय."

वाढपी म्हणजे लग्नाच्या पंगतीत बादली घेऊन फिरणारा. त्या शब्दात खरं तर वाईट काही नाही. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी जिलबी वाढली आहे. पण बप्पांनी तो असा काही उच्चारला की लोक हसले. संतोष त्याच पावली स्टँडवर गेला.

"तेची माय होती तोवर फोन यायचा. ती बोलायची, म्या बाजूला बसून ऐकायचो. ती गेली तवा आला. दहावं झालं, तेरावं झालं. आमच्यात बोलणं काय झालं, तर 'जेवलास का?' 'व्हय.' बस." बप्पांनी उपरण्यानं डबा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "दिवाळीत फोन आला. म्हणतो, बप्पा, उन्हाळ्यात येऊ का? पोरगं सोताच्या घरी येऊ का म्हणून इचारतंय, कुलकर्णी."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो.

"तेच्याशी काय बोलू म्या? मोसंबीतलं तेला कळत नाय, तेच्यातलं मला कळत नाय. म्हणलं, तेचं काम शिकून घ्यावं. निदान काय इचारावं ते तरी कळंल. आन एक गिलास माझ्या हातचं तेनं प्यावं. दारूत उभा ऱ्हातो दिवसभर, पीत तर असंलच. पिऊ दे. पर 'बप्पा, जमली' असं म्हणावं तेनं. नाय जमली तर पोरगं म्हणंल, बापानं माझ्या कामाची टिंगलच चालवलीय आजून."

झालं! इतके दिवस मी नुसता वैतागलेला होतो, आता वर जबाबदारी आली. एका घरातलं बोलणं माझ्या जिभेवर येऊन बसलं. मी म्हणालो, "बप्पा, आधी तो लसूण फेका. आणि ही वासाची वोडका बास. साधी वोडका आणू आणि पाचोडच्या मोसंबीची साल त्यात मुरवू. फ्लेवर आपला आपण करू."

बप्पांनी लोणच्याची बरणी काढली. मग आम्ही सालींच्या मागे लागलो. पहिली बरणी कडू झाली. "मागून कडवट येतंय, गिळल्यावर, घशाच्या तोंडाशी," मी न विचारता सांगितलं. बप्पा उडालेच. "सालीचं पांढरं ऱ्हायलं आसंल!" मग नुसती वरची पिवळी साल, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, सोलत बसायचं. ताजा रस, चिमूटभर सैंधव, वर सोडा. चैत्र संपेपर्यंत माझ्या हातांना मोसंबीचा वास आणि तोंडाला बायकोची बोलणी. पण शेवटची बरणी उघडली, तेव्हा बप्पांनी नाकपुडी दाबली, श्वास ओढला आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत.

"याला नाव काय?" मी विचारलं. एव्हाना आत्या, चुलते सगळे वापरून संपले होते.

"ते संतोषच ठेवंल," बप्पा म्हणाले.

संतोष रविवारी दुपारी आला. संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. खळखळ नाही, हाक नाही, नुसती टकटक. मी गेलो. बैठकीत बाप एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला. संतोष उंच, हडकुळा, तोंडावर बप्पांचंच नाक.

"गाडी येळंवर होती?" बप्पांनी विचारलं. दुपारपासून हा प्रश्न किती वेळा झाला असेल, देव जाणे.

"व्हय."

शेवटी बप्पा उठले. स्टुलावर बरणी, बर्फ, सैंधव, डबा सगळं धुतल्या फडक्याखाली झाकून ठेवलेलं. फडकं काढलं, तसा संतोष बघतच राहिला. बापाच्या घरात वोडका! बप्पांनी डबा उचलला आणि कडी काढली. संतोष चटकन पुढं झाला. "द्या बप्पा, मी करतो. माझं कामच हाय ते."

"बस खाली," बप्पा म्हणाले. आवाज चढवायला गेले आणि तो मध्येच चिरकला. "रोज लोकाला वाढतूस. आज तू पंगतीला बस. आज वाढपी म्या."

संतोष उभा होता, तसाच खाली बसला. बप्पांनी डबा हलवला, ग्लास भरला आणि पंगतीत वाढतात तसं वाकून त्याच्या पुढं ठेवला.

संतोषनं ग्लास उचलला. डाव्या नाकपुडीवर अंगठा दाबला, डोळे मिटले आणि उजव्या नाकपुडीनं एक लांब श्वास ओढला. मी बप्पांकडं पाहिलं. बप्पांचा स्वतःचा अंगठा नकळत वर आला होता.

"पाचोडची हाय," संतोष म्हणाला. "आपल्या विहिरीकडल्या झाडाची." आणि त्यानं ग्लास खाली ठेवला.

बप्पांचा चेहरा पडला. "मग पी की. नाय का जमली?"

"जमली, बप्पा. लई जमली. पर मी घेत नाय."

"नाय म्हंजी?"

"कधीच नाय घेतली. वासावरच करतो सगळं. बाटल्यांमागं उभा ऱ्हातो, पर तुमच्या गळ्यात माळ हाय ना. ती ध्यानात ऱ्हाती." तो खाली मान घालून म्हणाला. "चव बघायला एक दोस्त ठिवलाय. तेला काय धड सांगता येत नाय, जीव खातो माझा."

बप्पा त्याच्या शेजारी टेकले. इतकी वर्षं त्या पोराला काय काय समजून बसलेला हा म्हातारा, आता त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवत होता. मला तिथं थांबवेना. मी हळूच उठलो, तर दोघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं आणि मग ग्लासाकडं.

काय करणार! दोघं माळेच्या बाजूचे, पिणारा मी एकटाच. मी ग्लास उचलला आणि घोट घेतला. खरं सांगतो, आतापर्यंत बप्पांनी केलेल्यात तशी एकही झाली नव्हती. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आधी काय लागतं, मागून काय येतं, सगळं. पण बापलेक दोघंही गुडघ्याला गुडघा लावून माझ्या तोंडाकडं बघत बसले होते. कसाबसा एवढंच म्हणालो, "बरी आहे."

"बरी म्हंजी काय?" बप्पा ओरडले.

आणि त्यांच्याही वर आवाज चढवून संतोष म्हणाला, "आजाऱ्याला बरं म्हणतेत, काका! चव सांगा!"